एकही मासा दगावला नाही

शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांना पोरं पाठीमागे 'शेपूटसर' म्हणायची, आणि सरांना ते चांगलं ठाऊक होतं. त्यात पोरांचं काही चुकत नव्हतं. जो माणूस नऊ वर्षं दर शनिवारी गप्पी मासे चिमुकल्या काचपेटीत एकेक करून घालतो, मागे आलेखाचा कागद धरतो आणि त्यांच्या शेपट्या मोजत बसतो, त्याला दुसरं काय म्हणायचं? आधीच्या मास्तरांना पोरं 'ढेकर' म्हणायची. त्या मानाने शेपूट बरीच शास्त्रीय होती.

सरांना एकूणच सगळ्या जगाला खणाखणांत घालायची खोड. वर्गीकरणाचा धडा ते बटणांच्या डब्याने शिकवायचे. पन्नास बटणं टेबलावर ओतायची आणि म्हणायचं, लावा गट. कोणी रंगाने लावायचं, कोणी भोकांनी, एखादा शहाणा 'माझ्या शर्टाला बसणारी' आणि 'न बसणारी' असे दोनच गट करून हात झटकायचा. मग सर खडू आपटून सांगायचे, "दिसण्यावर जाऊ नका, नातं बघा. देवमासा दिसतो माशासारखा, पण माशांच्यात त्याला कोणी नातेवाईक म्हणून ओळखणार नाही." हे वाक्य ते दरवर्षी त्याच जागी, त्याच ठसक्यात म्हणायचे, आणि पुढे तेच वाक्य त्यांच्याच गळ्यात पडणार होतं.

स्टाफरूमचंही वर्गीकरण त्यांनी मनातल्या मनात करून टाकलं होतं. मुख्याध्यापिकाबाई काही बोलल्या की माना डोलावणारे ते अपृष्ठवंशीय, म्हणजे पाठीचा कणा नसलेले. न डोलावणारे ते पृष्ठवंशीय. या दुसऱ्या गटात आजवर एकाच प्राण्याची नोंद झाली होती, आणि तो प्राणी रोज सकाळी आरशासमोर दाढी करताना त्यांना दिसायचा.

प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला दोन टाक्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी एकाच वेळी, एकाच विणीच्या गप्पी माशांनी सरांनी त्या भरल्या. पहिली निवडीची टाकी. तिच्यात दर पिढीला सर्वांत लांब शेपटीचे तीन नर ठेवायचे आणि बाकीचे काढून पोरांना बरणीतून घरी द्यायचे. माणसाने हवे ते प्राणी निवडून त्यांचीच वीण वाढवली की जात कशी बदलत जाते, ते पोरांना डोळ्यांनी दिसावं हा हेतू. दुसरी मोकळी टाकी. तिच्यात काही निवडायचं नाही, काही मोजायचं नाही, फक्त तुलनेला ठेवायची. बरणीवाल्या पोरांना मासे कमी पडले, आणि ते दरवर्षी पडायचेच, की मोकळ्या टाकीत जाळी घालायची आणि हाताला लागतील ते देऊन टाकायचे. त्या टाकीकडे याखेरीज कोणी ढुंकून बघत नसे.

निवडीच्या टाकीचा थाट मात्र निराळा. तिच्यासाठी जाड पुठ्ठ्याची वही होती. वहीत नऊ वर्षांच्या शेपट्या होत्या, आणि त्यांचा आलेख असा चढत गेला होता की बघणाऱ्याने टोपी काढावी. पहिल्याच पानावर सरांनी लाल शाईने लिहिलं होतं: 'आजपर्यंत एकही मासा दगावला नाही.' दरवर्षी ते वाक्य नव्याने गिरवायचे. आणि त्याच वहीवर कोपर टेकवून वर्गाला बजावायचे, "उत्क्रांती मरणावर चालते. जे टिकले ते टिकले, जे मेले ते मेले. मरणच नसेल तर निवड कसली?" या दोन गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात नऊ वर्षं शेजारी शेजारी राहिल्या आणि त्यांची कधी ओळखसुद्धा झाली नाही. सर आता ही गोष्ट सांगतात तेव्हा इथे थांबून स्वतःच्या कपाळाला हात लावतात. लावायलाच पाहिजे.

टाक्या सांभाळायचे मामा. प्रयोगशाळेतले शिपाई, सगळ्या शाळेचे मामा. बाटल्या धुणं, पाणी बदलणं, माशांना खाणं घालणं, सगळं त्यांच्याकडे. बोलणं मोजकं आणि निवृत्तीला चार महिने राहिलेले. सरांच्या वर्गीकरणात मामांचा खण होता 'विश्वासू', आणि एकदा खणात घातलेला माणूस सर पुन्हा काढून बघत नसत.

तर झालं असं की नववीचं जीवशास्त्राचं पुस्तक नवीन निघणार होतं. 'निवडक पैदास' या धड्यात पिढ्यान्‌पिढ्या तीच कुत्री, तीच कबुतरं आणि तोच कोबी. पुस्तकाच्या समितीतल्या कोणीतरी सरांचा आलेख एका शिक्षकांच्या मेळाव्यात पाहिला होता. शाळेला पत्र आलं: आपल्या शाळेतला माशांचा प्रयोग उदाहरण म्हणून घ्यावा असा विचार आहे, समितीच्या बाई शुक्रवारी तास बघायला येतील, पसंत पडल्यास आलेख छापू.

त्या दिवसापासून सरांचे पाय जमिनीला लागेनात. त्यांनी जुनं पुस्तक उघडून आलेख कुठल्या पानावर शोभेल ते पाहून ठेवलं. उजवीकडचं पान बरं, डावीकडचं पोरं वाचत नाहीत. नवा शर्ट आणला. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तसं.

"तुमचं नाव छापणार आहेत का पण?" बायकोने विचारलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, त्यामुळे घरातलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे.

"नाव नाही. 'एका शाळेतील शिक्षकांनी' असं येईल."

"मग नवा शर्ट कशाला? त्या शिक्षकांना कोण ओळखणार?"

"जाणणारे जाणतील," सर म्हणाले आणि शर्ट पुन्हा एकदा अंगाला लावून बघितला.

बुधवारी आलेख मोठ्या कागदावर काढायचं काम त्यांनी नववीतल्या एका मुलीकडे दिलं. तिचा प्रत्येक प्रश्न 'पण सर' असा सुरू व्हायचा, म्हणून वर्गाने तिचं नाव 'पणबाई' ठेवलं होतं. अक्षर सुरेख, रेघ सरळ, आणि कुठलीही गोष्ट सुखाने गिळायची नाही. आधीच्या दोन शिक्षकांनी तिच्या प्रगतिपुस्तकात 'अतिचौकस' असं लिहिलं होतं, तेही लाल शाईने.

तिने वहीतले आकडे उतरवले, ठिपके जोडले आणि पेन्सिल दातांत धरून बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

"पण सर, मासे सुट्टीतच का सुधारतात?"

"म्हणजे?"

"हे बघा ना. वर्षभर रेघ आडवी आहे. मोठी सुट्टी झाली की एकदम वर. परत वर्षभर आडवी. परत सुट्टी, परत वर. हा जिना झालाय सर, चढ नाही."

सरांनी आलेखाकडे पाहिलं. खरंच जिना होता. नऊ वर्षं ते या जिन्याला चढ म्हणत होते. पण मास्तर आहेत, तोंड बंद कसं राहील? त्यांनी चष्मा वर सरकवला आणि एक उत्तर दिलं. उत्तर देतानाच त्यांना ते एवढं आवडलं की आवाज आपोआप जड झाला. "सुट्टीत शाळेत शांतता असते. गोंगाट नाही, काचेवर टकटक नाही. त्यामुळे प्रजनन निर्वेध होतं आणि निवडीचा परिणाम एकदम दिसून येतो."

"पण सर, पाचव्या वर्षी शेपटीवर निळा ठिपका आला असं लिहिलंय. तो आधी कोणालाच नव्हता."

"उत्परिवर्तन," सर म्हणाले. "गुणसूत्रांत अचानक होणारा बदल. आपल्या टाकीत घडला. पाच वर्षं मी तो प्रत्येक वर्गाला दाखवतोय."

"पण सर, एकाच वेळी सगळ्या नरांना?"

"आता ते 'पण' ठेव आणि रेघा शाईने गिरव. हुशार मुलीने कधी थांबायचं तेही शिकावं."

हे सर हसून बोलले. पाठीवर थोपटलंही. ती गप्प बसली आणि गिरवायला लागली. पलीकडे मामा बाटल्या धूत होते, त्यांच्या हातातली बाटली बराच वेळ एकाच जागी घासली जात होती. सरांना ते दिसलं, पण कळलं नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मामा प्रयोगशाळेचं दार आतून लावून सरांसमोर उभे राहिले.

"सर, त्या पोरीने सुट्टीचं विचारलं ना, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे."

"ते मी दिलंय, मामा."

"तुम्ही दिलंत ते बरोबर नाही."

आणि मग मामांनी सांगितलं. पहिल्याच मोठ्या सुट्टीत कोणीतरी शाळेचं मेन स्विच बंद करून गेलं. मामा मुलीच्या बाळंतपणाला गावाला गेले होते. परत येऊन बघतात तो हवेचा पंप बंद आणि निवडीच्या टाकीतले सगळे मासे पोट वर करून तरंगताहेत. शेजारची मोकळी टाकी शेवाळाने भरलेली, पंपाशिवायच चालायची, ती जशीच्या तशी जिवंत.

"दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार. तुमचे वडील सुट्टीच्या आधीच गेले होते, सर. तुम्ही कोणाशी बोलत नव्हता. सकाळी येऊन आधी या टाकीपाशी उभे राहायचात. ती रिकामी दाखवायचा मला धीर झाला नाही. दुकानात गेलो आणि तेवढे मासे मोजून आणले. दुकानदार म्हणाला, कसले देऊ? मी म्हटलं, जरा बऱ्या शेपटीचे दे. तुम्ही त्या शनिवारी मोजलंत आणि मला मिठी मारलीत."

सरांना ती मिठी आठवली. निवडीचा पहिला परिणाम दिसला म्हणून मारली होती. ते खुर्चीवर बसले.

"ते एकदा झालं. पुढच्या वर्षी?"

"दरवर्षी कशाने ना कशाने जायचेच. लांब शेपटीचे लई नाजूक असतात. वर्षात एखाददुसरा गेला तरी मी लगेच तसाच आणून टाकायचो. एकदा सुट्टीनंतर मुद्दाम आधीच्याएवढ्याच शेपटीचे आणून बघितले. तुम्ही दोन दिवस डबा उघडला नाहीत. मग पुढच्या खेपेपासून लांबच आणायला लागलो."

"आणि निळा ठिपका?"

"त्या वर्षी दुकानात तेच होते, सर."

सरांच्या पायाखालची वाळू सरकली. पाच वर्षं, पाच वर्ग, दीडेकशे पोरं, सगळ्यांना त्यांनी हे उत्परिवर्तन काचेला बोट लावून दाखवलं होतं. मामांनी पुढे हेही सांगितलं की दुकानदार आता सुट्टी संपायच्या आठवड्यात 'शाळेवाल्यांचे' म्हणून मासे वेगळे काढूनच ठेवतो. म्हणजे मामांना माहीत, दुकानदाराला माहीत, माहीत नव्हतं ते फक्त वही हातात धरणाऱ्या प्राण्याला. टाकीतल्या नऊ वर्षांच्या माशांत कोणी कोणाचं कोणी लागत नव्हतं. दिसायला एक घराणं, नातं शून्य. देवमासा बरा म्हणायचा.

आणि त्याहून वाईट गोष्ट सरांना बसल्या बसल्या कळली. निवड झाली होती, अगदी पद्धतशीर झाली होती. सरांचा चेहरा खुलला की ती शेपूट टिकायची, चेहरा पडला की बाद. नऊ वर्षं ते माशांची पैदास करत नव्हते. मामा त्यांच्या आनंदाची पैदास करत होते.

"उद्याचं काय करायचं, मामा?"

"मी तोंड उघडणार नाही. चार महिने राहिलेत माझे. झाकली मूठ सव्वा लाखाची, सर."

घरी आल्यावर सरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं, आणि ती हसलीच. पोट धरून हसली, डोळे पुसले, मग विचारलं, "मामांवर रागावलात?"

"रागवायला तोंड कुठे आहे? नऊ वर्षं एकही मासा मेला नाही, असं मी स्वतःच्या हाताने लिहिलंय. आपल्या घरातली कुंडी नऊ महिने टिकत नाही."

"आमच्याकडे रोज माणसं येतात," ती म्हणाली. "म्हणतात, मला सगळं स्वच्छ दिसतं. मी फक्त शेवटची ओळ वाचायला लावते. उद्या काय करणार?"

"आलेख दाखवणार. मामांचं निवृत्तिवेतन आहे, शाळेचं नाव आहे."

"आणि उजवीकडचं पान आहे."

सरांनी ताट पुढे ओढलं. जेवताना त्यांनी मनातल्या स्टाफरूमच्या तक्त्यात स्वतःची जागा बदलली. गोगलगाय आणि पोटात पाय, ही म्हण शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर आहे असं त्यांच्या ध्यानात आलं. मऊ अंग, कणा नाही, काही झालं की शंखात.

शुक्रवारी समितीच्या बाई वेळेवर आल्या. शांत, पिकल्या केसांच्या, हातात एक फाइल. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. सरांनी नव्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि तास सुरू केला. आणि खरं सांगायचं तर तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत सुरेख तास होता. खोटं बोल पण रेटून बोल, हे जमायला लागलं की किती छान जमतं. बटणं ओतली, गट लावले, देवमासा आला, कोबी आला, कबुतरं आली, आणि शेवटी भिंतीवरचा आलेख. मागच्या बाकावर पेन सरसर चालत होतं. मामा दाराशी जमिनीकडे बघत उभे होते.

समितीच्या बाईंनी हात वर केला. "एक विचारू? हा आलेख पायऱ्यापायऱ्यांनी का चढतो? मुलांपैकी कोणी सांगेल?"

पणबाई उठली. आता ही 'पण' म्हणणार आणि आपलं पितळ उघडं पडणार. पण तिने हाताची घडी घातली आणि घडाघडा म्हणून दाखवलं, "सुट्टीत शाळेत शांतता असते. त्यामुळे प्रजनन निर्वेध होतं आणि निवडीचा परिणाम एकदम दिसून येतो."

"हे तुला पटतं?" बाईंनी विचारलं.

"सरांनी सांगितलंय," ती म्हणाली आणि खाली बसली.

मुख्याध्यापिकाबाईंनी कौतुकाने मान डोलावली. सर मात्र खडू हातात धरून तसेच उभे राहिले. सात महिन्यांत त्या मुलीच्या तोंडून 'पण' शिवाय निघालेलं हे पहिलं उत्तर. परवा पाठीवर थोपटलं होतं ना, त्याचं हे फळ. एक थाप, एक हसू, आणि दोन दिवसांत त्यांनी तिच्यातला 'पण' काढून टाकला होता. माशांवर नऊ वर्षं जमलं नाही ते इथे एका पिढीचीही वाट न बघता जमलं. सरांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"तिने सांगितलं ते चूक आहे," सर म्हणाले. "म्हणजे तिने बरोबर सांगितलं, मी चूक सांगितलं होतं."

त्यांनी खडू टेबलावर ठेवला.

"हे मासे एकमेकांची पिल्लं नाहीत. या टाकीतले मासे दरवर्षी मेले, आणि दरवर्षी दुकानातून नवे आले. ही वही मासे मेल्याचं लपवते. मी नऊ वर्षं तपासलं नाही, कारण मला आलेख आवडत होता. पहिल्याच पानावर लिहिलंय, एकही मासा दगावला नाही. एवढं वाचूनच मी सावध व्हायला हवं होतं. या मुलीला परवा संशय आला. मी तिला गप्प बसवलं."

"नवे मासे कोणी आणले?" मुख्याध्यापिकाबाईंनी मागून विचारलं. आवाज बर्फासारखा.

दाराशी मामांनी मान वर केली आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"प्रयोग माझा, वही माझी, सही माझी," सर घाईघाईने म्हणाले. "जे काही विचारायचं ते मला विचारा." आणि या वेळी त्यांनी मान डोलावली नाही. तेवढ्यापुरता कणा सापडला म्हणायचा.

समितीच्या बाईंनी फाइल मिटली. रागावल्या नाहीत, उपदेशही केला नाही. "मग हा आलेख आम्हाला घेता येणार नाही," एवढंच म्हणाल्या. उजवीकडचं पान गेलं. तिथे पुन्हा कोबीच येणार हे सरांना कळलं, आणि वाईटही वाटलं, उगाच कशाला खोटं बोला.

बाई उठत होत्या तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "मग सर, दुसऱ्या टाकीत पण दुकानातलेच आहेत?"

उत्तर मामांनी दिलं. "तिच्यात कधी काही टाकलं नाही. तिकडे बघतंय कोण? ते आहेत ते पहिल्या दिवसापासूनचेच, त्यांचीच पोरंबाळं. एकदाही सगळे मेले नाहीत."

सर मोकळ्या टाकीपाशी गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा नीट वाकून बघितलं. मळकट, बारके, आखूड शेपटीचे मासे. एखादा काढून दाखवावा म्हणून त्यांनी जाळी घेतली. जाळीची सावली पाण्यावर पडली मात्र, आणि सगळी टाकी रिकामी झाल्यासारखी झाली. सगळे तळाच्या शेवाळात. सरांनी डावीकडून घातली, उजवीकडून घातली, नव्या शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली, हाताला एक लागेना. शेजारच्या टाकीत तीच जाळी धरली तर दुकानातले मासे खाणं आलं म्हणून तोंड वर करून जाळीतच शिरले. पोरं हसायला लागली.

"हे हल्ली असंच करतात," मामा म्हणाले. "आधी पटकन सापडायचे. बरण्या भरायला आता मला अख्खा दिवस लागतो."

सरांचा हात पाण्यातच राहिला. नऊ वर्षं दरवर्षी या टाकीतून पोरांना मासे दिले. दिले कोणते? जाळीत सापडले ते. राहिले कोणते? न सापडलेले. आणि पिल्लं कोणाची झाली? राहिलेल्यांची. निवडीच्या टाकीत निवड नव्हती आणि मोकळ्या टाकीत, जिथे काही मोजायचं नाही असं त्यांनीच ठरवलं होतं तिथे, नेमकी तीच घडून बसली होती. त्यांनी हे वर्गाला सांगितलं. सांगता सांगता ओल्या बाहीने चष्मा पुसला, तो आणखीच ओला झाला.

मागे बाक सरकल्याचा आवाज आला.

"पण सर, ते नुसते शिकले असतील," पणबाई म्हणाली. "जाळीला घाबरायला शिकले असतील. जन्मतःच तसे आहेत कशावरून?"

सरांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. त्यांना एवढा आनंद झाला की तो पोरांना दिसू नये म्हणून ते उगाच खोकले. "कशावरून नाही," ते म्हणाले. "मला माहीत नाही. कसं शोधायचं ते तू सांग."

तिने सांगितलं. दोन्ही टाक्यांतल्या गाभण माद्या वेगळ्या काढायच्या, त्यांची पिल्लं वेगळ्या बरण्यांत वाढवायची, त्यांना एकदाही जाळी दाखवायची नाही, आणि मग एके दिवशी जाळीची सावली पाडायची. समितीच्या बाई दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. जाताना त्यांनी कागदाच्या तुकड्यावर आपला पत्ता लिहून सरांना नाही, पणबाईला दिला. "जे होईल ते मला कळव. काही झालं नाही तरी कळव."

त्या प्रयोगाचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. मोकळ्या टाकीची बहुतेक पिल्लं सावली पडताच तळाला गेली, दुकानातल्यांची बहुतेक वर आली. सर टाळी वाजवणार तेवढ्यात पणबाई म्हणाली, "पण सर, एकदाच करून कसं कळणार?" म्हणून तो प्रयोग अजून चालूच आहे आणि सर अजून टाळी वाजवायची वाट बघताहेत. मुख्याध्यापिकाबाई पंधरा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण कोणी मामांचं नाव विचारलं नाही. मामा सुखरूप निवृत्त झाले आणि अजूनही सकाळी चक्कर टाकतात.

पण खरी गोष्ट त्या आधीची आहे. बरण्यांवर पहिल्यांदा सावली पाडायच्या आदल्या आठवड्यातली.

नवी वही पणबाईच्या ताब्यात होती, नोंदी सरांनी तिच्यासमोरच करायच्या असा तिचाच नियम. त्या सकाळी शाळा भरायच्या आधी मामा प्रयोगशाळेत आले आणि टेबलासमोर उभे राहिले. हातात मासे आणायची रिकामी पिशवी होती.

"सर, मोकळ्या टाकीच्या बरणीतली दोन पिल्लं गेली रात्री."

सर त्या पिशवीकडे बघत राहिले.

"दुकानापर्यंत गेलो होतो," मामा म्हणाले. "दार उघडं होतं. तो म्हणाला, या मामा, काढून ठेवलेत. तसाच परत आलो."

सरांनी खुर्ची पुढे ओढली, मामांना बसवलं, आणि पणबाई येईपर्यंत दोघं त्या बरणीकडे बघत बसले. ती आली, तिने दप्तर ठेवलं, वही उघडून सरांसमोर धरली. सरांनी तारीख घातली आणि खाली सावकाश लिहिलं: 'दोन पिल्लं मेली.' मग वही मामांपुढे सरकवली आणि त्यांची सही घेतली. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणी मेल्याचं लिहिलं जात होतं.